भारताच्या खजिन्याची किल्ली कोणाकडे?

तुम्ही इंदूरहून विचारलंय की ऑस्ट्रेलियात अर्थसंकल्प मांडणाऱ्या मंत्र्याला चक्क ट्रेझरर म्हणतात, अमेरिकेत नोटेवर ट्रेझररची सही असते, मग भारताचा खजिनदार नेमका कोण? अर्थमंत्री, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, की आणखी कोणी? आणि जाता जाता एक पुरवणी जोडलीत: तुमच्या आईचं माहेर पोतनीसांचं, घरात सांगतात की पेशवाईत खजिना आमच्या हाती होता, हे कितपत खरं धरायचं?

दोन्ही प्रश्न एकाच वाटेने जातात, म्हणून एकत्रच घेतो. माझी ओळख एवढीच की ग्वाल्हेरच्या महालेखाकार कार्यालयात, लेखा व हकदारीच्या, म्हणजे राज्याचा हिशेब लिहिणाऱ्या, बाजूला मी ३४ वर्षं काढली. १९५६ साली आजचा मध्य प्रदेश घडला, राजधानी भोपाळला गेली, आणि ग्वाल्हेरची समजूत काढायला काही मोठी कार्यालयं इथे राहिली: राजस्व मंडळ, आबकारी आयुक्त, परिवहन आयुक्त आणि आमचं. त्यामुळे सबंध राज्याच्या कोषालयांची व्हाउचरं दर महिन्याला या गावात येत राहिली आणि माझ्यासारख्यांची उमेद त्या गठ्ठ्यांत खर्ची पडली. तेव्हा राज्याच्या खजिन्याबद्दल मी हाताने केलेलं सांगेन. केंद्राच्या खजिन्याबद्दल नियम आणि सहकाऱ्यांशी झालेलं बोलणं यांच्या आधारे.

आता खरा प्रश्न. 'खजिनदार' या एका शब्दात आपण चार कामं कोंबतो: पैसे द्या असं सांगणारा, पैसे सांभाळणारा, वही लिहिणारा आणि वही तपासणारा. तुमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार यातली तीन कामं एकटा करतो आणि चौथं करायला कोणी फिरकत नाही. म्हणूनच मांडववाल्याचं बिल दसऱ्यापर्यंत गाजत राहतं. मंडळात हे चालून जातं, राज्यात नाही. राज्याच्या खजिनदाराचा सगळा इतिहास म्हणजे ही चार कामं एका माणसाच्या हातून काढून वेगवेगळ्या हातांत देण्याचा इतिहास आहे. तुम्ही एक नाव शोधताय, आणि ते नाव राहू नये यासाठी लोकांनी कित्येक शतकं खटपट केली आहे.

तरीही 'कोण' याचं उत्तर शोधायला माझी एक रीत आहे. पैसे देण्याचा अधिकार कोणाला, असं विचारायचं नाही. पैसे अडवण्याचा अधिकार कोणाला, असं विचारायचं. 'नाही' म्हणण्याची मुभा ज्याला आहे आणि ते म्हटल्याबद्दल ज्याला लगेच हाकलता येत नाही, तो खजिनदार. ही कसोटी पुस्तकातून आलेली नाही, ती मला एका कुलपाने शिकवली.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी कोषालय तपासणीच्या पथकात होतो. तेव्हा काही ठिकाणी कोषालयाच्या खोलीत मुद्रांक, सीलबंद पाकिटं आणि कधी रोकड असे. खोलीला दुहेरी कुलूप. एक किल्ली कोषालय अधिकाऱ्याकडे, दुसरी खजांचीकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. रोजच्या कामापुरता माल एका वेगळ्या पेटीत, ती एकट्या खजांचीच्या ताब्यात. त्याला एकेरी कुलूप म्हणत. एका जिल्ह्यात, नाव सांगत नाही, कुलूप-नोंदवहीत दिसलं की अधिकारी रजेवर गेला तेव्हा त्याने आपली किल्ली चार्ज घेणाऱ्याला न देता खजांचीकडेच ठेवली. दोन दिवस दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात. आम्ही मुद्रांक मोजले, एक एक तिकीट जुळलं. मी म्हटलं, सोडून देऊ, एका पैशाचा फरक नाही. आमच्या पथकप्रमुखांनी त्या दोन दिवसांवर दोन पानांचा आक्षेप लिहिला. संध्याकाळी स्टेशनवर चहा पिताना म्हणाले, "चोरी झाली असती तर ते काम पोलिसांचं होतं. चोरी करता आली असती, हे काम आपलं." पुढे मी जेवढे नियम वाचले त्यांतले निम्मे या वाक्यात बसतात.

ही दोन किल्ल्यांची अक्कल इंग्रजांनी आणली असं समजू नका. कौटिल्याच्या रचनेत महसूल गोळा करणारा समाहर्ता वेगळा, कोश सांभाळणारा सन्निधाता वेगळा आणि हिशेबाची कचेरी, म्हणजे अक्षपटल, तिसरीच. सन्निधात्याबद्दलची अपेक्षा वाचून तर मला घाम फुटला होता: शंभर वर्षांमागचा जमाखर्च विचारला तरी त्याने अडखळता कामा नये. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वीची भविष्यनिर्वाह निधीची हरवलेली एक जमा शोधायला दोन महिने लागायचे.

आणि आता आपल्या आडनावांकडे या, कारण तुमच्या आजोळचा प्रश्न इथेच सुटतो. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत जमाखर्च पाहणारा तो अमात्य, म्हणजेच मुजुमदार. पण मला त्याहून मोलाची वाटते ती खालची पायरी, दरकदारांची. मोठ्या खात्याच्या प्रमुखाभोवती आठ माणसं असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस. मुजुमदार हिशेब तपासणार, फडणीस लिहिणार, जामदार रोकड सोडून इतर मौल्यवान वस्तू सांभाळणार आणि पोतनीस नाण्यांची रोकड पाहणार. पोतं म्हणजे नाण्यांची पिशवी, त्यावरूनच सरकारी खजिन्याला पोतं म्हणू लागले. याशिवाय पोतदार होताच, नाणं खरं की खोटं हे पारखणारा. तेव्हा बाजारात इतक्या टाकसाळींची नाणी फिरत की पारख हा स्वतंत्र धंदाच होता.

यात खुबी अशी की दरकदाराला वरच्या सरदाराने मनात आलं म्हणून काढायचं नाही, अशी रीत होती. दरक, म्हणजे ते पद, वरून मिळे, पुढे तर वंशपरंपरेने चाले. सरदाराने खर्च करायचा, पण त्या खर्चाच्या कागदावर दरकदाराची निशाणी हवी. म्हणजे सरदाराच्या पंगतीला बसणारा, पण त्याच्या मर्जीवर न जगणारा माणूस. माझ्या कसोटीला हे पुरेपूर उतरतं. वंशपरंपरेमुळे पुढे जो आळस शिरला तो वेगळा विषय. आजही खुर्ची पक्की झाली की काही जणांचं तेच होतं.

पेशवाईत पुण्याच्या हुजूर दफ्तरात एकबेरीज नावाची शाखा होती. सगळ्या मुलखाचे हिशेब तिथे येत, त्यांची वर्गवारी होई आणि जमा, खर्च, शिल्लक असा वर्षाचा तर्जुमा तयार होई. आमच्या कार्यालयातल्या लोकांना मी हे सांगायचो तेव्हा ते हसत, पण महालेखाकार कार्यालय जे 'वित्त लेखे' तयार करतं ते दुसरं काय आहे? एकबेरीजच. आणि नाना फडणीस, ज्यांचं हुद्द्याचं नावच हिशेबाचे फर्द लिहिणारा असं आहे, ते राज्याचे कारभारी झाले ते काही उगाच नव्हे. तलवार कोणाचीही असो, मोहिमेचा खर्च कुठून भागणार हे ज्याच्या वहीत आहे त्याला विचारल्यावाचून ती म्यानातून निघत नाही.

तेव्हा पोतनीसांच्या हाती खजिना होता का? होता, पण एकट्याच्या नव्हे. त्याच्या शेजारी फडणीस बसलेला आणि मागे मुजुमदार उभा. घरातल्या गोष्टीत शेजारी बसलेले लोक गाळले जातात, एवढंच.

ग्वाल्हेरला राहून या विषयावर लिहायचं आणि अमरचंद बांठियांचं नाव घ्यायचं नाही, हे इथले लोक मला माफ करणार नाहीत. १ जून १८५८ ला मोरारपाशी ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांच्या फौजेने पाठ फिरवली, बहुतेक शिपाई राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोप्यांना जाऊन मिळाले. महाराज आग्र्याला गेले, दिवाण दिनकरराव राजवाडेही गेले. मागे राहिला खजिना आणि त्याचा खजांची बांठिया. फौजेला पगार हवा होता, खजिना उघडला गेला, पैसे वाटले गेले. पुढे इंग्रजांनी गाव घेतलं आणि त्याच जून महिन्यात सराफ्यात कडुलिंबाच्या झाडाला बांठियांना फाशी दिलं. लश्कर या ग्वाल्हेरच्या भागातल्या सराफ्यातून जाताना आजही लोक ती जागा दाखवतात.

देशासाठी ते हुतात्मा, यात वादच नाही. मी मात्र हिशेबनीसाच्या डोळ्याने त्या चार-पाच दिवसांकडे बघतो तेव्हा वेगळंच दिसतं. हुकूम देणारा राजा गावात नाही, त्याचा दिवाण नाही, वही तपासणारा नाही. चारही कामं एका माणसावर येऊन पडली. एरवी ज्याने फक्त किल्ली फिरवायची, त्याला त्या दिवशी राज्य कोणाचं हेही ठरवावं लागलं. एका खजांचीवर इतकं ओझं कधी पडू नये म्हणून तर बाकीचे नियम असतात.

शिंद्यांच्या खजिन्याची दुसरी गोष्ट उलट टोकाची आहे. किल्ल्यावर 'गंगाजळी' नावाचा गुप्त खजिना होता, त्याची खूण फक्त महाराजांना माहीत, आणि १८८६ साली जयाजीराव गेले तेव्हा त्यांचा मुलगा माधवराव लहान होता, म्हणून ती खूण सांगायची राहून गेली, असं इथे घरोघरी ऐकवतात. खजिना पुढे कसा सापडला याचे जितके सांगणारे तितके पाठ. पण गोष्टीतला धडा कोषालय अधिकाऱ्याला चटकन कळतो: एकच किल्ली, एकच माणूस आणि चार्ज-रिपोर्ट, म्हणजे ताबा दिल्या-घेतल्याचा कागद, नाही! मग वारसाला भिंती ठोकत फिरायची पाळी येणारच. याच दरबाराने १८७२ साली आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले होते, म्हणजे दडवलेल्या पैशाखेरीज वापरातला पैसाही भरपूर होता.

तुमच्या इंदूरकडे याची एक बाजू जास्त स्वच्छ होती, तेही सांगतो. होळकरांकडे 'खासगी' आणि 'दौलत' अशी वाटणी होती. खासगी म्हणजे राणीच्या स्वतःच्या उत्पन्नाची, दौलत म्हणजे राज्याची. अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि देवळं बांधली ती खासगीतून, असं मानतात. राजाचा खिसा आणि राज्याचा खजिना वेगळा, हे युरोपातही लोकांना भांडून मिळवावं लागलं. आमच्या लश्करात खासगी बाजार आहे आणि दौलतगंजही आहे, पण दौलतगंजावरून काही अर्थ काढू नका. तो दौलतराव शिंद्यांच्या नावाचा.

आता परदेशातल्या उदाहरणांकडे, कारण तुमचा गोंधळ तिथूनच सुरू झाला. इंग्लंडात लॉर्ड हाय ट्रेझरर नावाचं बडं पद होतं. इतकं बडं की ते एका माणसाला देणं धोक्याचं वाटू लागलं. १७१४ नंतर ते कोणालाच दिलेलं नाही. त्याचे अधिकार एका मंडळाकडे आहेत. त्या मंडळाचा पहिला लॉर्ड म्हणजे पंतप्रधान (डाऊनिंग स्ट्रीटच्या १० नंबरच्या दारावर आजही तेच पद कोरलेलं आहे) आणि दुसरा लॉर्ड म्हणजे चान्सेलर ऑफ द एक्स्चेकर. म्हणजे खजिनदाराची खुर्ची तीनशे वर्षं रिकामी ठेवून तिथे कारभार चाललाय. त्यांची जुनी पावती बघा: लाकडाच्या काठीवर रकमेच्या खाचा पाडायच्या, काठी उभी चिरायची, एक फाक पैसे भरणाऱ्याकडे, दुसरी खजिन्यात. दोन फाका जुळल्या तर हिशेब खरा. आमच्या दोन किल्ल्यांची ही थेट बहीण. या काठ्यांचा साठा १८३४ साली जाळायला घेतला आणि त्या आगीत पार्लमेंटची इमारतच खाक झाली. जुनं रेकॉर्ड नष्ट करण्याच्या नियमांवर प्रशिक्षण द्यायची वेळ आली की मी हा किस्सा आवर्जून सांगायचो.

अमेरिकेत ट्रेझररचं पद खजिना खात्याहूनही जुनं. मायकेल हिलेगास १७७७ पासून तिथे ट्रेझरर म्हणून वावरत होते. खातं निघालं १७८९ साली. पण सगळी सूत्रं पुढे खात्याच्या सेक्रेटरीकडे गेली. नोटेवर दोघांच्या सह्या असतात आणि धोरण एकाचंच असतं. ऑस्ट्रेलियाचा ट्रेझरर हा सरळ मंत्री आहे, १९०१ पासून. त्यातही १९७६ साली त्यांनी ट्रेझरीचं खातं फोडून खर्चाची बाजू सांभाळायला वेगळं वित्त खातं काढलं. हे साल लक्षात ठेवा, कारण भारतातही याच साली मोठी फोड झाली.

आपल्याकडे काय आहे? राज्यघटनेत 'खजिनदार' हा शब्दच नाही. आहे तो निधी. कलम २६६ प्रमाणे सरकारला मिळणारा सगळा महसूल आणि काढलेली कर्जं भारताच्या संचित निधीत जातात आणि कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय त्यातून एक रुपया निघत नाही. दुसरं लोकलेखा, पब्लिक अकाउंट: तिथे सरकारचे स्वतःचे नसलेले पैसे असतात, म्हणजे कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, ठेवी वगैरे. तिसरा आकस्मिकता निधी, कलम २६७ चा, अचानक आलेल्या खर्चासाठी. त्याची रक्कम बरीच वर्षं ५०० कोटी होती, २०२१ मध्ये ती ३०,००० कोटी केली. म्हणजे घटनेने माणूस नेमला नाही, तीन पेट्या ठेवल्या आणि प्रत्येकीचं कुलूप वेगळं केलं.

मग या पेट्या प्रत्यक्षात कुठे आहेत? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर ऐकून लोक चकित होतात. सरकारचा बँकर रिझर्व्ह बँक. १९३५ पूर्वी हे काम इम्पिरियल बँक करत असे. रिझर्व्ह बँकेत केंद्राची आणि राज्यांची मुख्य खाती सांभाळणारा केंद्रीय लेखा विभाग आहे नागपुरात. दिल्लीतही नाही आणि मुंबईतही नाही. ग्वाल्हेरात बसून आम्ही राज्याच्या शिलकेचा आमचा आकडा आणि बँकेचा आकडा जुळवायचो, आणि नागपूरचा कागद वेळेवर आला नाही की सगळी शाखा खोळंबून बसायची. लेखाशीर्ष (हिशेबातल्या सदराचा क्रमांक) ८६७५, रिझर्व्ह बँकेतील ठेवी, हे चार आकडे माझ्या स्वप्नात येत. केंद्र सरकारनेही त्या खात्यात ठरलेली किमान शिल्लक ठेवायची असते, रोज १० कोटी आणि शुक्रवारी १०० कोटी. एवढ्या मोठ्या देशाला ही रक्कम म्हणजे चिल्लर वाटेल. पण कमी पडली तर बँक ठरलेल्या मर्यादेत उचल देते आणि ती तीन महिन्यांत फेडायची असते. १९९७ पूर्वी हा लगाम नव्हता. सरकार तदर्थ ट्रेझरी बिलं, म्हणजे गरजेपुरते कर्जरोखे, काढायचं आणि बँक ती निमूट घ्यायची. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर खजिन्याच्या बाबतीत झालेल्या सगळ्यात मोठ्या सुधारणांपैकी ही एक, आणि तिची आठवण कोणी काढत नाही.

आता एक एक माणूस माझ्या कसोटीवर घासून बघू.

अर्थमंत्री. पैसा कसा आणायचा, कुठे लावायचा हे ते ठरवतात, संसदेपुढे मांडतात. पण संसदेने विनियोजन विधेयक, म्हणजे निधीतून पैसे काढायची परवानगी, मंजूर केल्याशिवाय त्यांना पैशाला हात लावता येत नाही. इतर मंत्रालयांना ते, म्हणजे त्यांचा व्यय विभाग, 'नाही' म्हणतात आणि रोजच म्हणतात. म्हणून अर्धे खजिनदार. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर: नोटेवर त्यांचं वचन आणि सही असते, म्हणून लोकांचा समज होतो. पण एक रुपयाची नोट काढून बघा, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि वचन नसतं. ती नोट भारत सरकारची, बाकीच्या बँकेच्या. सरकारच्या खात्यापुरतं म्हणाल तर बँक शिल्लक बघते; हा खर्च अर्थसंकल्पात आहे का, हे ती विचारत नाही, विचारायचंही नसतं. म्हणजे गव्हर्नर किल्लीवाले, वहीवाले नव्हेत. आपले चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ गव्हर्नर होते आणि १९५० ते १९५६ अर्थमंत्री. दोन्ही खुर्च्या त्यांनी भूषवल्या, पण एकीवरून उठून मगच दुसरीवर बसले. दोन्हींवर एकदम बसता येत नाही, तेच तर या व्यवस्थेचं सार आहे.

नियंत्रक व महालेखापरीक्षक. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत या पदाला घटनेतल्या सर्वांत महत्त्वाच्या पदांत बसवलं, आणि मी त्या खात्याचं मीठ खाल्लंय, तरीही सांगतो: नावातला 'नियंत्रक' हा शब्द आपल्याकडे नुसता शोभेचा आहे. ब्रिटनमध्ये १८६६ च्या कायद्यापासून त्या पदावरच्या माणसाच्या मंजुरीवाचून तिजोरीतून पैसा बाहेर पडत नाही. आपले महालेखापरीक्षक खर्च होऊन गेल्यावर तपासतात. त्यांचं 'नाही' मोठ्याने ऐकू येतं, पण वर्षभर उशिरा.

राहिले महालेखा नियंत्रक. यांचं नाव तुमच्या यादीत नव्हतं, आणि बहुतेकांच्या नसतं. १९७६ पर्यंत केंद्राचा हिशेब लिहायचा तोही महालेखापरीक्षकांच्या खात्याने आणि तपासायचा तोही त्यांनीच. म्हणजे परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच घरचे. त्या वर्षी केंद्राने हिशेब लेखापरीक्षणातून बाहेर काढला, प्रत्येक मंत्रालयाला स्वतःची वेतन व लेखा कार्यालयं दिली आणि त्या सगळ्यांवर महालेखा नियंत्रक बसवले. ते वित्त मंत्रालयात असतात, दर महिन्याला केंद्राचे आकडे काढतात. आज वेतन व लेखा अधिकारी पीएफएमएस नावाच्या संगणक प्रणालीवरून पैसे पाठवतो. पण बिल पास करण्याआधी मंजुरी आहे का, तरतूद आहे का, सही अधिकृत आहे का हे बघून परत पाठवण्याचा अधिकार त्याचाच. हे झालं केंद्राचं. राज्यांत मात्र जुनीच रीत राहिली: हिशेब आमचं खातं लिहितं, तपासतंही आमचंच खातं. १९८४ मध्ये दोन शाखा वेगळ्या केल्या म्हणून आम्ही आणि लेखापरीक्षणवाले एकमेकांकडे परक्यासारखे बघतो, पण वरचा मालक एकच. तेव्हा तुमचा प्रश्न राज्याबद्दल असता तर उत्तर बदललं असतं.

एवढ्या मोठ्या नावांनंतर एक लहान माणूस सांगतो, कारण माझ्या लेखी खरा खजिनदार तोच. एका ३१ मार्चची गोष्ट. एका खात्याकडे वर्षाचा निधी उरला होता. रात्री बारानंतर तो लॅप्स, म्हणजे रद्द, होणार. खात्याने शक्कल काढली की सगळी रक्कम एका बिलाने उचलायची आणि व्यक्तिगत ठेव खात्यात टाकून ठेवायची, म्हणजे कागदावर खर्च झाला आणि पैसा हातात राहिला. हे खातं, शीर्ष ८४४३ खालचं, कायदेशीर आहे. पण लॅप्स चुकवायला त्याचा वापर करायला मनाई आहे. कोषालय अधिकाऱ्याला खर्च शहाणपणाचा की वेडेपणाचा हे विचारायचा हक्क नसतो. तो फक्त नियम बघतो. त्याने बिलावर एका ओळीचा आक्षेप लिहिला आणि परत केलं. संध्याकाळी सहापासून फोन सुरू झाले. साडेअकराला खात्याचा मोठा अधिकारी स्वतः गाडीतून आला. या गृहस्थांनी त्याला चहा पाजला, नियमाचं पान उघडून समोर ठेवलं आणि बिलाला हात लावला नाही. हे सगळं मी नंतर तपासणीत त्या परत आलेल्या बिलावरून आणि त्यांच्याच तोंडून जुळवलं. तीन महिन्यांनी त्यांची बदली झाली, कारण 'प्रशासकीय'. दरकदाराला सरदाराने काढू नये ही रीत आपण कागदावर ठेवली आहे, अंमल थोडा सैल आहे.

आता संगणकाने बरंच सोपं केलंय. तरतूद नसेल तर बिल पुढे सरकतच नाही. फोन कोणाला करणार? पण प्रणालीत तरतूद टाकणाराही माणूस असतो आणि पासवर्ड ही किल्लीच आहे. निवृत्त होण्याआधी शेवटच्या दौऱ्यात एका कार्यालयात बिल तयार करणाऱ्याचा आणि मंजूर करणाऱ्याचा, दोघांचेही पासवर्ड एकाच संगणकाच्या पडद्याला पिवळ्या चिठ्ठीवर चिकटवलेले दिसले. आकडे सगळे जुळत होते. मी दोन पानं लिहिली.

तर मुलाखतीसाठी किंवा कोणाला चटकन सांगायचं असेल तर असं सांगा: भारतात खजिनदार नावाचा एक अधिकारी नाही. मंजुरी संसदेची, आखणी अर्थमंत्र्यांची, रोकड रिझर्व्ह बँकेकडे, वही महालेखा नियंत्रकांकडे, तपासणी महालेखापरीक्षकांची. समोरच्याने एकच नाव हवं म्हणून हट्ट धरला तर पदाच्या वजनाने अर्थमंत्री म्हणा, कामाच्या जवळिकीने महालेखा नियंत्रक म्हणा. दोन्हींना आधार आहे, फक्त कोणत्या अर्थाने म्हणताय ते पुढच्या वाक्यात सांगा.

आणि आजोळच्या पोतनीसांबद्दल: घरात एखादी सनद किंवा जुना हिशेबाचा कागद असेल तर तो मोडीत असणार. त्यावर कोणाच्या निशाण्या आहेत ते बघा. एकट्या पोतनीसाचीच असेल तर तो घरगुती कागद. शेजारी फडणिसाची आणि मुजुमदाराची खूणही असेल तर तो सरकारी, आणि घरातली गोष्ट खरी. फोटो स्वच्छ उजेडात काढा, फ्लॅश मारू नका, घडी जोर लावून उघडू नका. इकडे लश्करात मोडी वाचणारे दोन-तीन म्हातारे अजून आहेत, मी त्यांच्याकडून वाचून घेईन.